सदाशिव पेठेतले आठ मंगळवार आणि एक ‘च’

‘विवेकनिष्ठ विचारपद्धती’ शिकवणाऱ्या वर्गात पहिल्या मंगळवारी हातात जी आठ पानी टिपणं पडली, त्यात चौदा चुका होत्या. ‘मानसीक’ तीनदा, ‘दृष्टीकोन’ पाचदा, बाकीच्या किरकोळ. मी सव्वीस वर्षं पुण्यातल्या प्रकाशकांची प्रुफं तपासते. त्यामुळे मॅडम पुढे काय बोलत होत्या त्यातलं अर्धं माझ्या कानावर पडलंच नाही. वर्ग सुटल्यावर लाल पेनाने दुरुस्त केलेली पानं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती सावकाश उलटली, ‘‘सुरेख’’ म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, ‘‘आता पुढच्या आठवड्याची पानं हातात पेन न घेता वाचायची. हा तुमचा गृहपाठ.’’

तिथूनच घरी जावं आणि परत येऊ नये असं वाटलं होतं. ४,८०० रुपये भरले होते म्हणून दुसऱ्या मंगळवारी गेले.

वर्गाचं नाव लिहीत नाही. आम्ही अकरा जणांनी एकमेकांना शब्द दिलाय की इथलं बाहेर न्यायचं नाही, आणि नाव छापलं तर पेठेतल्या पेठेत माणसं ओळखू येतात. दुसऱ्यांविषयी जे लिहिलंय ते त्यांना विचारून. पत्ता एवढाच पुरे की सदाशिव पेठ, वाडा पाडून बांधलेली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. विषय ‘विवेकनिष्ठ विचारपद्धती’, म्हणजे अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेव्हियर थेरपी). मराठीत ती रुजवण्यात कि. मो. फडके ह्यांचा मोठा वाटा, त्यामुळे बहुतेक संकल्पनांना मराठी शब्द तयार आहेत. हे मला फार बरं वाटलं. त्याआधी मुलीने फोनवर एक ध्यानाचं अ‍ॅप घालून दिलं होतं. त्यातली बाई हिंदीत ‘गहरी साँस लीजिए’ म्हणायची, आणि तिने ‘साँस’ किती लांबवली हेच मी मोजत बसायचे.

का गेले, ते सांगते. गेल्या वर्षी एका निवृत्त इंजिनिअरांचं आत्मचरित्र माझ्याकडे होतं. दोन वाचनं झाली, फायनल गेलं, ५०० प्रती छापून आल्या. आतल्या एका फोटोखाली लेखकाच्या थोरल्या भावाच्या नावाआधी ‘कै.’ छापलेलं होतं. भाऊ हयात. ८४ वर्षांचे. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसले होते आणि तेच पान उघडून शेजारच्यांना दाखवत होते. कोणीतरी म्हणालं, ‘‘असं झालं की आयुष्य वाढतं म्हणतात,’’ सगळे हसले, कार्यक्रम पुढे सरकला. प्रकाशकांनी नंतर चिकटपट्ट्या छापून घेतल्या आणि उरलेल्या प्रतींवर लावल्या. इतकंच.

माझ्या बाजूने मात्र इतकंच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक फर्मा, म्हणजे छापायच्या पानांचा गठ्ठा, चार-चारदा वाचायला लागले. दिवसाला तीस पानं व्हायची ती बारावर आली. मग ते कामापुरतं राहिलं नाही. गॅसचा खटका, दाराचं कुलूप, जावेला पाठवायचा ‘हो’ एवढा एक शब्द, सगळं तीनदा. रात्री अडीचला जाग यायची आणि डोळ्यांसमोर ‘कै.’ मोठ्या टायपात. नवरा म्हणायचा, ‘‘अगं, विसर आता.’’ विसरायचं ठरवून विसरता आलं असतं तर पुण्यातल्या निम्म्या भाऊबंदक्या मिटल्या असत्या.

आता वर्गाबद्दल. मॅडम साठीच्या आहेत, कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी सांगून टाकलं की मी समुपदेशक आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही. औषध लिहून देणं हे सायकिअ‍ॅट्रिस्टचं काम. हा वर्ग शिकण्याचा आहे, उपचाराचा नाही. हे स्वतःहून सांगणारी माणसं किती असतात? दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी आमच्यातल्या एकांना बाजूला घेऊन सांगितलं की तुम्हाला आत्ता वर्गापेक्षा डॉक्टरांची गरज आहे, आणि त्यांचे पूर्ण पैसे परत केले. माझ्या लेखी ह्या वर्गाचे अर्धे गुण ह्या एका गोष्टीला.

पद्धत ऐकायला सोपी आहे. घटना, तिच्याबद्दलचा आपला विचार, आणि त्यातून होणारा परिणाम. आपण समजतो की घटनेमुळे परिणाम झाला. एलिस म्हणतो, मधल्या विचारामुळे झाला. हे त्याने एपिक्टेटस नावाच्या जुन्या स्टोइक तत्त्वज्ञाकडून उचललं, आणि तसं कबूलही केलं. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ म्हणतात, ते ह्याच गावचं. एलिस आधी मनोविश्लेषण करायचा. कोचावर पेशंट वर्षानुवर्षं पडून राहतो आणि सुधारणा मुंगीच्या पावलाने, ह्याला कंटाळून त्याने १९५५ साली आपली वेगळी वाट धरली. आधी नाव ‘रॅशनल थेरपी’, १९६१ मध्ये त्यात भावना आली, १९९३ मध्ये वर्तन. पुस्तक छापायला गेल्यावर शीर्षक बदलणारे लेखक मी पुष्कळ पाहिलेत, पण अडतीस वर्षांत दोनदा म्हणजे त्यातल्या त्यात सुसह्य.

तिसऱ्या मंगळवारी मॅडमनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. ‘मला जमलंच पाहिजे.’ ‘लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे.’ ‘आयुष्य सोपं असलंच पाहिजे.’ आणि विचारलं, ‘‘ह्यात चूक कुठेय?’’ मी सवयीने ऱ्हस्व-दीर्घ पाहिले. बरोबर होते. मग त्यांनी तिन्ही वाक्यांतल्या ‘च’भोवती गोल काढला.

मला हसू आलं आणि पाठोपाठ घशात काहीतरी अडकलं. ‘च’ म्हणजे शुद्ध शब्दयोगी अव्यय. शब्दाचं रूप बदलत नाही, मागे चिकटतो आणि नुसता जोर देतो. दिवसातून शंभरदा मी तो पाहते. ‘मला चूक टाळायची आहे’ ही माझी इच्छा, आणि ती चांगली आहे. तिच्यावर माझं पोट चालतं. ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ हा हुकूम. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, हुकूम मोडला तर शिक्षा होते, आणि शिक्षा देणारी मीच, रात्री अडीचला. एलिसचं म्हणणं सगळं ह्या एका अक्षरात मावतं. इंग्रजीत त्याला ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागला.

मग हुकमाशी वाद घालायचा. मॅडम त्याला ‘विवाद’ म्हणतात. कुठे लिहिलंय? पुरावा काय? मानून फायदा काय? इथे मला माझ्या धंद्यातला शब्द सापडला. प्रूफ तपासताना शंका आली की आम्ही मूळ प्रत मागतो. तेव्हा मी वहीत लिहिलं: ‘मुद्रितशोधकाची चूक होताच कामा नये, ह्या नियमाची मूळ प्रत दाखवा.’ मूळ प्रत नव्हती. असती तर शुद्धिपत्र ही चीज जन्माला आली नसती.

एक तक्रार मात्र आहे. मॅडमनी सरसकट सगळ्या ‘च’ंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. ‘आलेच हं’ मधला ‘च’ काढला तर काय उरेल? ‘चहा घेऊनच जा’ मधला? (पुण्यात तोही तसा क्वचितच कानावर येतो.) मी हे वर्गात बोलले तर एक तरुण इंजिनिअर म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही व्याकरणाचा क्लास लावायला हवा होता.’’ बरोबर आहे त्याचं.

चौथा मंगळवार माझ्या मते सगळ्यात मोलाचा. एलिस दोन प्रकारच्या त्रासदायक भावना मानतो. दुःख आणि नैराश्य, नाराजी आणि संताप, खंत आणि अपराधीपणा, अशा जोड्या. पहिली वाईट वाटायला लावते पण काम करू देते, दुसरी हातपाय बांधते. दुःख पुसून टाकून चोवीस तास प्रसन्न राहा असा उपदेश इथे नाही, आणि म्हणून मी टिकले. ‘काळजी’ ह्या शब्दावर मात्र गाडी अडली. मराठीत ‘काळजी घे’ही तीच आणि ‘काळजी करू नकोस’ही तीच. कोणीतरी विचारलं, मग चांगली कुठली? मॅडम म्हणाल्या, क्रियापद बघा. घ्यायची असते ती उपयोगाची, करायची असते ती नुसती करत बसायची. मी घरी जाऊन दिवसभराच्या काळज्या दोन रकान्यांत लिहिल्या. ‘घेणे’खाली पाच. ‘करणे’खाली एकोणतीस, त्यातली एक मुलीच्या बंगळुरूच्या घरातल्या गॅसच्या खटक्याची.

त्याच दिवशी मोजपट्टीचा खेळ झाला. शून्य ते शंभर, शंभर म्हणजे माणसाच्या वाट्याला येऊ शकेल ते सगळ्यात वाईट. आपापली घटना पट्टीवर मांडायची. मी ‘कै.’ला पंच्याण्णव दिले. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘१२ जुलै १९६१ ला मी सात वर्षांचा होतो. पानशेतचं धरण फुटलं. शनिवार पेठेतलं आमचं घर दुसऱ्या दिवशी नव्हतं. आई आम्हाला घेऊन पर्वतीवर गेली. त्याला मी ऐंशी दिलेत, कारण आम्ही पाचही जण जिवंत होतो.’’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते खरंच हिशेब विचारत होते. मी पंच्याण्णव खोडून साठ केले, मग चाळीस. अठ्ठावीसवर थांबले, त्याखाली जाईना. मॅडम म्हणाल्या, अठ्ठावीस ठीक आहे, चूक झाली होती ना खरोखर.

ही युक्ती सगळ्यांना लागू पडेल असं मला वाटत नाही. ‘लोकांना किती भोगावं लागतं आणि तू बघ’ हे ऐकून आपण लहानाचे मोठे झालो आणि त्याने कोणाचं दुखणं कमी झालेलं नाही. आजोबांनी स्वतःचं सांगितलं, माझं मोजलं नाही, म्हणून ते लागलं.

पाचव्या मंगळवारचा गृहपाठ शरमेशी दोन हात करण्याचा. लोक काय म्हणतील ह्या भीतीने जे टाळतो, तसलं काहीतरी निरुपद्रवी पण विचित्र चारचौघांत मुद्दाम करायचं. एलिस लोकांना केळ्याला दोरी बांधून फिरवायला सांगायचा किंवा भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावायचा. त्याने स्वतः एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभरात १३० जणींना गाठलं होतं. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं, एक भेटायला येते म्हणाली आणि आली नाही. वर्ग खूप हसला. मी त्या तीस जणींचा विचार करत होते, ज्या बाकावर निवांत बसायला आल्या होत्या. आमच्या इंजिनिअरने विचारलं, ‘‘संभाजी बागेत करू का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘नको. तुझी भीती घालवायला दुसऱ्याला भीती घालायची नाही.’’

एकाने पेठेतल्या दुकानात जाऊन एकच बाकरवडी मागितली. दुकानदाराने मान वर न करता ती काट्यावर ठेवली आणि रक्कम सांगितली. पुण्यात हा गृहपाठ जरा फिका पडतो; इथल्या गिऱ्हाइकाला काउंटरपुढे शरमिंदं व्हायची सवय आधीपासून आहे.

मी एलिसचाच प्रयोग उचलला. स्वारगेटहून धायरीकडे जाणारी बस, दुपारची वेळ, उभं राहायला जागा. सारसबाग गेली तरी तोंडातून आवाज फुटेना. मग डोळे मिटले आणि ओरडले, ‘‘दांडेकर पूऽऽल!’’ दोन-तीन माना वळल्या. एक उतरला. पुढच्या सीटवरच्या आजी मागे वळून म्हणाल्या, ‘‘बाई, पानमळा आला की सांगा हं, मला दिसत नाही नीट.’’ झालं. पानमळा सांगितला, राजाराम पूल सांगितला, विठ्ठलवाडी सांगितली. हिंगण्याला कंडक्टर म्हणाला, ‘‘मॅडम, तिकिटं पण तुम्हीच काढा आता.’’ मी आनंदनगरला उतरले तेव्हा पाय थरथरत होते आणि ब्लाउज घामाने भिजला होता. पण धरणी दुभंगली नव्हती. रस्त्याच्या कडेला उभी राहून उसाचा रस प्याले.

मॅडमनी नंतर एका प्रयोगाबद्दल सांगितलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाजिरवाणा वाटेल अशा एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावून खोलीभर मुलांसमोर पाठवायचं, आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्याला वाटायचं, जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात पाव मुलांच्याही आलेलं नसायचं. बसमध्ये मला हे आधी माहीत असतं तर? काही फरक पडला नसता. आकडा ऐकून पाय थरथरायचे थांबत नाहीत, ओरडून थांबतात.

सहाव्या आठवड्यात मी त्या ८४ वर्षांच्या आजोबांना फोन केला. हा गृहपाठ मीच मागून घेतला होता. सात महिने ज्या माणसाच्या नावाने मी जागी राहिले, त्यांना नाव सांगितलं, पुस्तक सांगितलं, पान सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बाई, मी केवायसी मागच्याच आठवड्यात केलंय.’’ दोन मिनिटं लागली त्यांना आठवायला. मग म्हणाले, ‘‘हां हां, ते होय,’’ आणि लगेच स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलायला लागले. वीस मिनिटं. मी सगळं ऐकलं.

आता वर्गात काय खटकलं. एकही मंगळवार वेळेवर सुरू झाला नाही. साडेपाच म्हणजे पावणेसहा. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठदुखी असेल तर उशी घेऊन जा. दुचाकी लावायला जागा नाही, मी रिक्षाने जायचे. मॅडमच्या सहायिका चांगल्या आहेत, पण त्यांच्या पडद्यावरच्या पाट्या सगळ्या इंग्रजीत, आणि ज्यांना इंग्रजी येतं त्यांना त्या वाचायची गरज नव्हती. व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहाटे पावणेसहापासून सूर्य आणि गुलाब. सातव्या मंगळवारी एक पाहुणे वक्ते आणले होते. त्यांनी आरशात बघून ‘मी यशस्वी आहे’ असं एकवीसदा म्हणायला लावलं आणि शेवटी स्वतःच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिराची पत्रकं वाटली. सहा आठवडे ज्या वर्गाने आम्हाला ‘पुरावा काय?’ विचारायला शिकवलं, तिथे हे! पानशेतवाल्या आजोबांनी त्यांना तोच प्रश्न विचारला. पाहुण्यांकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी पुढच्या वेळी दिलगिरी व्यक्त केली, ती मोजून दीड वाक्याची.

पद्धतीबद्दलही एक शंका आहे. सगळं खापर विचारावर फुटलं तर घटनेला मोकळं रान मिळतं. एका प्रकाशकाकडे माझे अकरा हजार आठ महिने अडकले होते. मी विचारलं, ‘‘त्याने पैसे दिलेच पाहिजेत, ह्यातला ‘च’ही मीच काढायचा का?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘मनातला काढा, पत्रातला ठेवा.’’ संताप बाजूला ठेवून लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं, निम्मे पैसे आले, निम्मे यायचेत. एका बाईंच्या घरचा प्रश्न निघाला तेव्हा तर मॅडमनी घटना-विचार-परिणामाचा तक्ता मिटायलाच लावला: जिथे हात उगारला जातो तिथे विचार दुरुस्त करत बसायचं नाही, आधी सुरक्षित जागी जायचं, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. हे टिपणांत छापायला हवं होतं. तसंच सरकारची ‘टेली-मानस’ सेवा, १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. तीही टिपणांत नाही, मी विचारल्यावर फळ्यावर लिहिली.

कोणी जावं? ज्यांची झोप-भूक शाबूत आहे पण डोक्यात एकच तबकडी अडकली आहे, त्यांनी. लिहायचा कंटाळा असणाऱ्यांनी जाऊ नये. रोज एक तक्ता भरावा लागतो आणि न भरणाऱ्या तिघांना शेवटी ‘छान वाटलं’ ह्यापलीकडे काही सांगता येईना. ज्यांना उठवत नाही, जेववत नाही, जगावंसं वाटत नाही, त्यांनी वर्ग शोधत न बसता थेट डॉक्टर गाठावा.

मी बरी झाले का? गॅसचा खटका अजून दोनदा बघते. पण फर्मा दोनदाच वाचते. तिसऱ्यांदा हात जातो तेव्हा उठून चहा टाकते. परवा बावीस पानं झाली. अडीचची जाग आठवड्यातून एखादी.

शेवटच्या मंगळवारी मॅडमनी थांबवून घेतलं. दिवाळीनंतरच्या तुकडीसाठी टिपणांची नवी पुस्तिका काढायची आहे, प्रूफ बघाल का म्हणाल्या. एरवी ओळखीच्यांना मी दर सांगत नाही, ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणते आणि मग महिनाभर धुसफुसते. ह्या वेळी म्हटलं, पानाला पंचवीस रुपये, दोन वाचनं. मॅडम म्हणाल्या, ‘‘जरा जास्त होतात.’’

मी म्हटलं, ‘‘होतात.’’